एच-वन-बीवर असताना पेनसिल्व्हेनियात अस्वलाची शिकार: लायसन्स, सीझन आणि आधी काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही हॅरिसबर्गजवळ राहता, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहात, ऑफिसातल्या एकाने त्याच्या आजोबांपासून चालत आलेल्या पोटर काउंटीतल्या कॅम्पवर नोव्हेंबरमध्ये अस्वलाच्या सीझनला बोलावलंय, रायफल तोच देणार आहे. तुम्ही विचारताय की लायसन्स कुठलं काढायचं, आपल्याला मिळतं का, आणि "मी बंदूक हातातच घेतली नाही, नुसता त्यांच्याबरोबर जंगलात फिरलो तर काही लागतं का?"

मी सतरा वर्षं पेनसिल्व्हेनियात शिकार करतोय आणि त्यातली दहा वर्षं हंटर एज्युकेशनच्या क्लासला व्हॉलंटियर म्हणून शिकवतोय. मूळचा वाईकडचा, इथे आलो तेव्हा मीही एच-वनवरच होतो, त्यामुळे तुम्ही आत्ता जिथे उभे आहात तिथून मी गेलोय. मी वकील नाही, त्यामुळे व्हिसाच्या बाबतीत तुमच्या कागदपत्रांत काही गुंता असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला अर्ध्या तासाची फी द्या, ती वाया जात नाही.

आता मुद्दा. लायसन्स कुठलं हा तुमच्या प्रश्नातला सोपा भाग आहे, त्याचं उत्तर दोन ओळींत संपतं. खरी अडचण क्रमाची आहे. आधी क्लास, मग लायसन्स, आणि त्यानंतरच बंदुकीला हात. तुमचा मित्र जन्मापासून इथलाच आहे, त्याच्यासाठी हा क्रम उलटा झाला तरी फारसं बिघडत नाही, म्हणून तो तुम्हाला अगदी प्रेमाने म्हणेल की चल या शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जाऊ, दोन-चार गोळ्या मारून बघ, लायसन्सचं नंतर बघू. तिथे तुम्ही नाही म्हणायचं.

कारण सांगतो. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात, टायटल १८ कलम ९२२ मध्ये, असं आहे की नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगायची नाहीत. एच-वन, एच-फोर, एल-वन, एफ-वन सगळे यात आले. आणि बाळगणं म्हणजे विकत घेणं एवढंच नाही, दुसऱ्याची बंदूक तुमच्या हातात, तुमच्या ताब्यात आली तरी ते बाळगणंच झालं, मग ती रेंजवर भाड्याने घेतलेली का असेना. याला मोजके अपवाद आहेत आणि त्यातला आपल्या कामाचा एकच, तो म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने रीतसर दिलेलं आणि मुदतीत असलेलं हंटिंग लायसन्स तुमच्याकडे असेल तर ही बंदी तुम्हाला लागू होत नाही. म्हणजे इथल्या माणसासाठी जो वीस-एकवीस डॉलरचा कागद आहे तोच तुमच्या-माझ्यासारख्यासाठी गुन्हा आणि कायदेशीर छंद यांच्यातली भिंत आहे. या कलमाखाली शिक्षा आधी दहा वर्षांपर्यंत होती, २०२२ च्या कायद्याने ती पंधरा वर्षांपर्यंत गेली, आणि बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर देशाबाहेर काढायला तेवढं कारण पुरतं. घाबरवायचं म्हणून लिहीत नाहीये, पण दर वर्षी माझ्या क्लासमध्ये एक-दोन आपले लोक असतात आणि त्यातल्या बहुतेकांना हे कोणी सांगितलेलं नसतं, आणि ते ऐकल्यावर त्यांचे चेहरे कसे होतात ते मी बघितलेत.

यातच अजून एक खाच आहे जी कोणी सांगत नाही. पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स वर्ष १ जुलै ते ३० जून असतं, जानेवारी ते डिसेंबर नाही. माझ्या ओळखीच्या एकाने पहिल्याच वर्षी उत्साहाने स्वतःची रायफल घेतली, सीझन झाला, रायफल कपाटात गेली, जून संपला, लायसन्स संपलं, आणि पुढचं त्याने ऑक्टोबरमध्ये शिकारीच्या तोंडावर काढलं. मधले तीन महिने ती रायफल घरात होती आणि अपवादाचा कागद नव्हता. काही झालं नाही, कोणी विचारलं नाही, पण ग्रीनकार्डच्या वेळी वकिलाने सगळा इतिहास विचारला तेव्हा त्याची झोप उडाली. म्हणून मी सांगतो, पहिली दोन वर्षं स्वतःची बंदूक घेऊच नका, मित्राची वापरा, त्याच्याच कपाटात राहू द्या. आणि घेतलीच तर नवीन वर्षाचं लायसन्स जून संपायच्या आत काढून ठेवायचं, ते आधीच विक्रीला येतं. घरी बायको एच-फोरवर असेल तर तिचाही स्वतंत्र विचार करावा लागतो, कारण बंदी तिलाही लागू आहे आणि कुलपाची किल्ली जिच्या हाताशी आहे तिच्या ताब्यात बंदूक आहे असं म्हणता येतं. ग्रीनकार्ड असेल तर ही नॉनइमिग्रंटची भानगड नाही. धनुष्यबाण म्हणजे फायरआर्म नाही, त्यामुळे बो हंटिंगला हा फेडरल प्रश्नच येत नाही, पण लायसन्स आणि क्लास तिथेही लागतोच.

आता क्लास. पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा लायसन्स काढणाऱ्याला, वय काहीही असो, हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स पास व्हावा लागतो. सोळाच्या वरच्यांना तो पूर्ण ऑनलाइन करता येतो, नाहीतर एका दिवसाचा वर्गात बसून. तुम्हाला माझा सल्ला वर्गातलाच, आणि मी तिथे शिकवतो म्हणून नाही. ऑनलाइनमध्ये प्रश्नांची उत्तरं येतात, पण बंदूक कुंपणावरून पलीकडे कशी द्यायची, चौघं ओळीत चालताना नळी कुठल्या दिशेला, समोर झुडूप हललं तर काय करायचं नाही, हे समोर कोणीतरी करून दाखवल्याशिवाय डोक्यात बसत नाही. आपल्यातल्या बहुतेकांनी भारतात एनसीसी सोडली तर बंदूक जवळून बघितलेलीच नसते. वर्ग उन्हाळ्यात असतात आणि सीझन जवळ आला की पटापट भरतात, म्हणून नाव लवकर घाला. एकदा पास झालात की सर्टिफिकेट जन्मभराचं आणि बाकीच्या राज्यांतही चालतं.

सर्टिफिकेट आलं की हंटफिशपीए नावाच्या सरकारी साइटवर खातं काढायचं, सोशल सिक्युरिटी नंबर आणि पत्त्याचा पुरावा मागतात, नागरिकत्व लागत नाही. तिथे तुम्हाला दोन गोष्टी घ्यायच्यात. एक, साधं हंटिंग लायसन्स, राज्यात राहणाऱ्या मोठ्या माणसाला २०.९७ डॉलर. दोन, त्याच्यावर बेअर लायसन्स, १६.९७ डॉलर. नुसत्या साध्या लायसन्सवर हरणाचा एक टॅग (मारलेल्या जनावराला लावायची चिठ्ठी) येतो, अस्वलाचा येत नाही, आणि नुसतं बेअर लायसन्स वेगळं मिळत नाही, हे दोन्ही मिळूनच. ऑक्टोबरच्या आर्चरी (धनुष्यबाण) किंवा मझलोडर (नळीच्या तोंडाकडून भरायची जुन्या धर्तीची बंदूक) सीझनला जायचं असेल तर त्याची आणखी वेगळी लायसन्स. राज्याबाहेरच्याला हेच १०१.९७ आणि ३६.९७ पडतं, म्हणून तुमचा ओहायोतला मित्र येणार असेल तर त्याला आधीच आकडा सांगून ठेवा. दर वर्षी नियमांची नवी पुस्तिका निघते, किमती आणि तारखा त्यातूनच बघायच्या, मित्राच्या आठवणीवरून नाही. शिकारीच्या नियमांवर लक्ष ठेवणाऱ्या वॉर्डनने पकडल्यावर "मला गेल्या वर्षीचं माहीत होतं" याला काही अर्थ नसतो.

"नुसता फिरलो तर?" याचं उत्तर, लायसन्सशिवाय नाही. पोटर काउंटीच्या कॅम्पवर अस्वलाची शिकार म्हणजे बहुतेक वेळा ड्राइव्ह असतो, आपल्याकडे जुन्या लोकांच्या तोंडी हाका घालणं म्हणायचे ना, अगदी तेच. दहा-बारा जण ओळीने डोंगराच्या उतारावरून माउंटन लॉरेलच्या दाट झुडपांतून चालत येतात आणि बाकीचे पलीकडे नाक्यावर उभे असतात. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात शिकारीची व्याख्या गोळी मारण्यापुरती नाहीये, माग काढणं, पाठलाग करणं, जनावर हाकलणं, दुसऱ्याला त्यात मदत करणं हे सगळं शिकारच धरलंय. म्हणजे हाकाऱ्यांच्या ओळीत तुम्ही रिकाम्या हाताने चाललात तरी तुम्ही शिकार करताय. कॅम्पवर राहणं, स्वयंपाकाला हातभार लावणं, संध्याकाळी शेकोटीपाशी बसणं याला अर्थातच काही लागत नाही. मी पहिल्या वर्षी तेच केलं होतं, तीन दिवस भांडी घासली आणि ऐकत बसलो, आणि ते तीन दिवस मला पुढे फार उपयोगी पडले.

सीझनचं म्हणाल तर मुख्य रायफल सीझन थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि मंगळवारी संपतो, एवढाच, चार दिवस. मधल्या रविवारीही जाता येतं, ते २०२० पासून, त्याआधी इथे रविवारी अस्वलाच्या मागे जाणं बंद होतं. ऑक्टोबरमध्ये आर्चरी, मझलोडर, आणि मुलं, ज्येष्ठ वगैरेंसाठी तीन दिवसांचा खास रायफल सीझन असतो. थँक्सगिव्हिंगनंतर हरणाच्या रायफल सीझनबरोबर काही भागांत अस्वलाचा वाढीव सीझन चालतो. राज्याचे वाइल्डलाइफ मॅनेजमेंट युनिट म्हणून भाग पाडलेत आणि वाढीव सीझन कुठे किती दिवस ते युनिटवर ठरतं, म्हणून कॅम्प नेमका कुठल्या युनिटमध्ये येतो ते मित्राला विचारा, रस्त्याच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला दुसरं असं होऊ शकतं.

हा सीझन इतक्या उशिरा आणि इतका लहान का, हे मला क्लासमध्ये सांगायला सगळ्यात आवडतं, कारण ते कळलं की बाकीचे नियम आपोआप समजतात. काळ्या अस्वलांचा मिलनाचा काळ जून-जुलै, पण गर्भ लगेच रुजत नाही, तो नोव्हेंबरच्या सुमाराला रुजतो आणि पिल्लं जानेवारीत गुहेतच होतात. मादी एक वर्षाआड वितात, कारण पिल्लं जवळजवळ दीड वर्ष आईबरोबर असतात. आता थंडी पडायला लागली की सगळ्यात आधी गुहेत कोण शिरतं, तर गाभण मादी. नर सगळ्यात शेवटी. म्हणजे सीझन नोव्हेंबरच्या शेवटी ठेवला की पोटुशा माद्या बऱ्याचशा आधीच आत गेलेल्या असतात आणि बंदुकीसमोर येतात ते जास्त करून नर आणि तरुण अस्वलं. ऑक्टोबरमध्ये दिवस वाढवले की हा तोल बदलतो, माद्याही जास्त मारल्या जातात. आणि गुहेतल्या अस्वलाला मारणं इथे बेकायदाच आहे. म्हणजे जिथे अस्वलं कमी करायचीत तिथे दिवस लवकर आणि जास्त, जिथे वाढू द्यायचीत तिथे उशिरा आणि थोडे, असं ते गेम कमिशनच्या, म्हणजे शिकारीचे नियम ठरवणाऱ्या राज्याच्या खात्याच्या हातातलं साधन आहे. १९७०, १९७७ आणि १९७८ या वर्षी अस्वलं इतकी कमी झाली होती की सीझन उघडलाच नव्हता. सत्तरच्या दशकात राज्यात चारेक हजार अस्वलं होती असा अंदाज होता, आज पंधरा हजारांच्या वर आहेत. शिकार चालू ठेवून ही वाढ झालीये. आपल्याकडच्या लोकांना हे पटायला जड जातं हे मला माहितीये. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकार म्हणजे गुन्हा, आणि तिथल्या अस्वलांची, जंगलांची अवस्था बघता ते योग्यच आहे असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकतं, कारण दोन्हीकडची अस्वलं वेगळी, जंगल वेगळं, मोजणी वेगळी.

मोजणीवरून आठवलं, चेक स्टेशन. अस्वल मारलं की जागेवरून हलवायच्या आधी तुमचा टॅग भरून त्याच्या कानाला लावायचा, आणि २४ तासांच्या आत ते चेक स्टेशनला न्यायचं. पहिल्यांदा जाणाऱ्यांना वाटतं ही पोलिसी तपासणी आहे. तिथे जाऊन बघा, वजन करतात, नर-मादी बघतात, आणि एक छोटी दाढ काढून घेतात. त्या दाढेचा काप केला की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात, त्यावरून वय कळतं. आणि मुख्य म्हणजे कानात आधीचा बिल्ला आहे का ते बघतात. गेम कमिशनची माणसं वर्षभर शेकडो अस्वलं पकडून, बिल्ला लावून सोडून देतात. शिकारीत आलेल्यांपैकी किती बिल्लेवाली निघाली या प्रमाणावरून राज्यातली एकूण संख्या काढतात. म्हणजे तुम्ही अस्वल चेक स्टेशनला नेलं नाही तर नियम तर मोडलाच, पण मोजणीतून एक अस्वल गायब केलंत, आणि पुढच्या वर्षीचा सीझन त्याच मोजणीवर ठरणार आहे. पहिलं अस्वल मिळालं तेव्हा त्या बाईंनी मला दाढ हातात देऊन दाखवली होती, चार वर्षांचा नर होता हे नंतर कळलं, आणि जंगलाचा हिशोब कोणीतरी इतक्या बारकाईने ठेवतंय याचं मला खरंच भरून आलं होतं.

एका माणसाला वर्षाला एकच अस्वल. आणि हे कॅम्पवर स्पष्ट बोलून घ्या, दुसऱ्याच्या अस्वलाला तुमचा टॅग लागत नाही. ड्राइव्हमध्ये एखाद्याने दोन मारली आणि मग "अरे तुझा टॅग रिकामाच आहे ना, लाव याला" असा आग्रह झाल्याचे किस्से मी ऐकलेत. तुम्ही पाहुणे असता, नवीन असता, सगळे वयाने मोठे, नाही म्हणायला जीभ रेटत नाही. पण त्यात सही तुमची असते. परवाना रद्द झाला तर बहुतेक सगळी राज्यं एकमेकांच्या यादीत सामील आहेत, तिथेही बंद होतो, आणि तुमच्या बाबतीत परवाना गेला म्हणजे मघाचा तो अपवादही गेला.

त्या दिवशीचे बाकी नियम भराभर सांगतो, पुस्तिकेत तपशील आहेत. डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच भगभगीत केशरी रंग, चारी बाजूंनी दिसेल असा, म्हणजे टोपी आणि जाकीट. नुसती टोपी पुरत नाही. वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्धा तासापर्यंत. भरलेली बंदूक गाडीत नाही, गाडी बंद असली तरी नाही. कोणाच्याही राहत्या घराच्या १५० यार्डांच्या आत परवानगीशिवाय नाही. सेमी-ऑटोमॅटिक रायफल अस्वलाला चालत नाही, दर गोळीनंतर हाताने पुढची गोळी चढवावी लागणारी बोल्ट, लिव्हर किंवा पंप अ‍ॅक्शनच लागते, मित्र काय देतोय ते बघून घ्या. झाडांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले तर ती खाजगी जमीन आहे, आत यायचं नाही असा त्याचा अर्थ, पाटी नसली तरी, हा नियम २०२० पासून आहे. नवीन लोकांना वाटतं वन खात्याने झाडं तोडायला खूण केलीये आणि ते सरळ आत जातात.

एका नियमावर मात्र थांबतो, कारण यात निष्पाप माणूस अडकतो. पेनसिल्व्हेनियात आमिष घालून अस्वल मारणं बेकायदा आहे, कुत्री सोडूनही चालत नाही. आमिष म्हणजे मका, सफरचंदं, डोनट, काहीही टाकलेलं खाणं. आणि ते उचललं तरी पुढचे ३० दिवस ती जागा आमिषाची जागाच धरतात. ते कोणी टाकलं हा प्रश्न तिथे दुय्यम आहे, तिथे बंदूक घेऊन कोण बसलं हे बघतात. आता खूप कॅम्पांवर उन्हाळ्यात हरणं बघायला म्हणून मक्याचे फीडर लावलेले असतात. म्हणून जायच्या आधी मित्राला सरळ विचारा, कॅम्पच्या आसपास फीडर आहे का, होता का, कधी काढला. वाईट वाटून घेणार नाही तो, उलट त्याला बरं वाटेल की हा शिकून आलाय.

तुम्ही अजून दुसरीकडे राहायला जाणार असाल तर हे सगळं बदलतं हेही लक्षात ठेवा. मेनमध्ये आमिष आणि कुत्री दोन्ही कायदेशीर आहेत. मिनेसोटात आमिष चालतं पण काही भागांत लायसन्सची लॉटरी लागते. विस्कॉन्सिनमध्ये अर्ज करून पॉइंट साठवत वर्षानुवर्षं थांबावं लागतं. कोलोराडोच्या मतदारांनी १९९२ मध्ये वसंतातली शिकार, आमिष आणि कुत्री तिन्ही बंद केली. न्यू जर्सीत आपले लोक खूप म्हणून तिथलं थोडं, तिथे रायफल-शॉटगनसारखी लांब बंदूक विकत घ्यायलाही पोलिसांकडून फायरआर्म्स आयडी कार्ड लागतं, अस्वलाचं परमिट झोनप्रमाणे मिळतं, आणि शिकार २००३ ला तीसहून जास्त वर्षांनी परत सुरू झाली, मध्ये बंद झाली, २०२२ च्या डिसेंबरात पुन्हा चालू झाली. त्यामुळे एडिसनचा कोणी नातेवाईक काही सांगत असेल तर ते त्याच्या राज्याचं आहे, तुमच्या कामाचं नाही.

अपेक्षा किती ठेवायची तेही सांगतो. राज्यात अलीकडे बेअर लायसन्स दोन लाखांच्या आसपास विकली जातात. २०१९ च्या विक्रमी वर्षी ४,६५३ अस्वलं मिळाली, अलीकडे त्यापेक्षा बरीच कमी. म्हणजे शंभरातल्या दोघांना मिळालं तर खूप. सतरा वर्षांत मला दोनदाच मिळालंय. कायद्याने इथे नर, मादी, वय असं बंधन नाही, पण पिल्लं बरोबर असलेली मादी मी सोडतो आणि माझ्याबरोबर येणाऱ्यांनाही सोडायला सांगतो. एकदा लायकॉमिंग काउंटीत माझ्यापासून चाळीस पावलांवर एक मादी ओकच्या पानांत नाक खुपसून उभी होती, रायफल खांद्याला लावलेली, आणि तिच्यामागून दोन पिल्लं घरंगळत आली. बंदूक खाली घेतली आणि वीस मिनिटं बघत बसलो. कॅम्पवर कोणी चकार शब्द काढला नाही, आणि ज्या कॅम्पवर अशा गोष्टीला नावं ठेवतात तिथे परत जायचं नाही हे मी ठरवून टाकलंय.

मिळालंच, तर मांस विकता येत नाही, वाटता येतं. शिजवताना आतपर्यंत १६५ डिग्री फॅरनहाइट जाऊ द्यायचं, कारण अस्वलाच्या मांसात ट्रिकिनेला नावाची कृमी असू शकते आणि तिच्या काही जाती फ्रीजरमध्ये महिनाभर ठेवूनही मरत नाहीत. धुराच्या चवीचं, आतून गुलाबी असं इथले लोक खायला देतील, ते नको म्हणा. आपल्या मटणासारखं आलं-लसूण लावून कुकरला लावा, मग काही चिंता नाही, आणि चवही आपल्या पद्धतीलाच छान लागते. चरबी मात्र आधी सगळी काढून टाका.

आणि कातडं, नखं, दात यातलं काहीही पुण्याला आई-बाबांना दाखवायला बॅगेत टाकू नका. काळं अस्वल साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, अमेरिकेबाहेर न्यायला परमिट लागतं, आणि भारतात कस्टमला अस्वलाचं नख दिसलं तर ते अमेरिकन आहे की मेळघाटचं हे तिथे उभं राहून तुम्हाला सिद्ध करता येणार नाही. फोटो न्या.

आता आत्तापासूनचा क्रम. या आठवड्यात क्लासची नोंदणी करा. पास झालात की त्याच दिवशी हंटफिशपीएवर दोन्ही लायसन्स काढा, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. ती हातात आल्यावर मित्राबरोबर रेंजवर जा, लायसन्स आणि फोटोचं ओळखपत्र खिशात ठेवून, आणि नोव्हेंबरपर्यंत निदान तीन-चारदा जा, उभं राहून, झाडाला टेकून, जाकीट घालून मारून बघा, कारण थंडीत जाड कपड्यांत खांद्याला बंदूक वेगळी लागते. आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची सरकारी नोंद) आणि पासपोर्टची प्रत घरी एका फाइलीत लायसन्सच्या प्रतीबरोबर ठेवा. मित्राला युनिट, फीडर आणि रायफल या तीन गोष्टी विचारा. आणि चांगले, आधी चालून सैल केलेले बूट घ्या, पोटर काउंटीत त्या दिवसांत बर्फ असतो आणि हाकाऱ्यांच्या ओळीत नवीन माणसाच्या वाट्याला नेहमी ओढ्याकडची बाजू येते.

एच-फोरचं किंवा व्हिसा बदलत असतानाचं काही असेल तर इथेच विचारा, मला माहीत असेल तेवढं सांगेन.